लघवीच्या जुन्या दुखण्यातली धास्ती: ती कशी उतरवायची

दिवसभर ठीक असतं. संध्याकाळी घराच्या दाराशी येऊन कुलपाला किल्ली लावली, की लघवीची अशी कळ येते की चपला काढायचीही फुरसत मिळत नाही. त्या एका मिनिटात पिशवीत फार तर एक-दोन मिलिलिटर लघवी वाढलेली असते. मग कळ येते कुठून? दार आलं म्हणजे संडास आला, आणि संडास आला म्हणजे आता सोडायचं, हे मेंदूने वर्षानुवर्षं पाठ केलेलं असतं. किल्लीची आणि लघवीची गाठ पडून गेलेली असते.

मूत्राशयाच्या आणि ओटीपोटाच्या जुन्या दुखण्यात अशा कितीतरी गाठी पडतात. लग्नाचा हॉल, एसटीचा प्रवास, लांबलेली मीटिंग, रात्री नवऱ्याचा अंगावर पडलेला हात, यांतलं काहीही समोर आलं की दुखणं जागं होतं. मग माणूस खबरदारी घ्यायला लागतो. पाणी कमी पितो, निघताना तीनदा जाऊन येतो, पोट आवळून बसतो, शेवटी जाणंच टाळतो. ही खबरदारीच गाठ आणखी आवळते. खाली लिहिलं आहे ते एकेक गाठ सैल करण्याबद्दल: किती करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे फसतं.

आधी शरीराची तपासणी

हे सगळं ज्यांचं निदान झालेलं आहे त्यांच्यासाठी आहे. मूत्राशयाचं जुनं दुखणं, म्हणजे इंटरस्टिशियल सिस्टायटिस किंवा ब्लॅडर पेन सिंड्रोम. वारंवार घाईची लघवी, म्हणजे ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर. पुरुषांमध्ये जंतुसंसर्ग नसलेला क्रॉनिक प्रोस्टेटायटिस, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीच्या भागातलं जुनं दुखणं. किंवा ओटीपोटाचं जुनं दुखणं. मूत्राशयाशी जोडलेलं दुखणं सहा आठवड्यांहून जास्त टिकलं आणि लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहण्याच्या तपासणीत, जंतू सापडले नाहीत, तर डॉक्टर दुसरी कारणं तपासून वगळतात आणि मग या निदानाचा विचार करतात.

लघवीतून रक्त दिसलं, थंडी वाजून ताप आला, लघवी अडली, जांघेच्या आतल्या भागात किंवा बसण्याच्या जागेवर बधिरपणा आला, पायातलं बळ गेलं किंवा शौचावरचा ताबा सुटला, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. यातल्या कशालाही ‘ताण असेल’ म्हणून सोडून द्यायचं नाही.

‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचं आहे’

हे वाक्य ऐकलं नाही असा रुग्ण क्वचितच सापडेल. ते अर्धवट असल्यामुळे जास्त लागतं. १९१५ साली बाल्टिमोरच्या डॉ. हनर यांनी मूत्राशयाच्या अस्तरातल्या एका विशिष्ट जखमेचं वर्णन केलं. तिला आजही त्यांचंच नाव आहे. पण या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये दुर्बिणीतून पाहिलं तरी तशी जखम दिसत नाही, आणि दुखणं मात्र तितकंच खरं असतं. याचं एक मोठं कारण असं की महिनोन्महिने दुखण्याचे निरोप येत राहिले की मज्जारज्जू आणि मेंदू त्या बाबतीत हळवे होतात. दीडशे मिलिलिटर लघवीची साधी जाणीवही मग दुखणं म्हणून वर पोहोचते. भीती, झोपेची कमतरता आणि चिडचिड यांनी हा हळवेपणा वाढतो. म्हणजे मनाचा यात वाटा आहे, पण तुम्ही दुखणं मनाने रचलेलं नाही.

म्हणूनच डॉक्टर कधीकधी रात्री १० मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलिनची गोळी देतात. घरी गेल्यावर कुणीतरी मोबाइलवर शोधतं, ‘डिप्रेशनची गोळी’ असं दिसतं, आणि माणूस दुखावून ती बंद करतो. उदासीनतेसाठी या औषधाचा डोस याच्या कितीतरी पट असतो. इथे ते दुखण्याचे निरोप मंद करायला दिलेलं असतं. तोंड कोरडं पडणं, सकाळी गुंगी राहणं आणि बद्धकोष्ठ हे त्रास त्यात होऊ शकतात, आणि क्वचित लघवी सुटायलाही वेळ लागतो. असं झालं तर डॉक्टरांना सांगा. स्वतःच गोळी कमी-जास्त करू नका.

तीन दिवसांची डायरी

कामाला सुरुवात इथून करायची. मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा एक मग फक्त यासाठी वेगळा ठेवा. सलग तीन दिवस, त्यातला एक सुट्टीचा, प्रत्येक वेळची नोंद करा: किती वाजता, किती मिलिलिटर, लघवीची ओढ ० ते ५ मध्ये किती, दुखणं ० ते १० मध्ये किती. शेवटचा रकाना बहुतेक छापील तक्त्यांत नसतो, तो हाताने आखून घ्या: त्या क्षणी काय चाललं होतं आणि मनात काय आलं.

एका पानावर साधारण असं दिसतं. सकाळी ६:३०, ३२० मिली, ओढ ३, दुखणं २, ‘नुकतीच उठले’. ८:१०, ९० मिली, ओढ १, दुखणं २, ‘निघायचंय, जाऊन घेते’. ८:२५, ३० मिली, ओढ २, दुखणं ४, ‘रिक्षा आली, परत एकदा’. ९:४०, ७० मिली, ओढ ४, दुखणं ५, ‘ऑफिसात बॉस हाक मारणार होते’. निरोगी मूत्राशयात दीड-दोनशे मिलिलिटरला पहिली जाणीव होते आणि ते चारशे-पाचशे मिलिलिटर सहज धरतं. या पानावर तीच पिशवी झोपेत ३२० धरते आणि जागेपणी ३० वर हाका मारते. पिशवीचा आकार दोन तासांत बदलत नाही. बदललं ते शेवटच्या रकान्यात लिहिलेलं आहे.

सगळ्यांचं पान असं निघत नाही. रात्रीही दर तासाला ६०-७० मिलिलिटरच होत असेल, तर धास्तीपेक्षा अस्तराचा किंवा स्नायूंचा भाग मोठा असू शकतो. ते पान युरोलॉजिस्टना, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञांना दाखवा.

डायरी तीनच दिवस लिहायची. पुष्कळ जण महिनाभर लिहीत बसतात आणि दिवसातून पंधरा वेळा पिशवीकडे कान लावण्याची सवय करून घेतात. त्याने त्रास वाढतो. तीन दिवस झाले की मापाचा तो मग धुऊन ठेवून द्या. पुढची डायरी सहा आठवड्यांनी.

‘निघायच्या आधी एकदा जाऊन ये’

मराठी घरात लहानपणापासून ऐकलेलं हे वाक्य आहे. धडधाकट माणसाला त्याने काही होत नाही. पण लघवी लागलेली नसताना दिवसातून पाच-सहा वेळा जायला लागलं, की थोडीशी भरलेली पिशवीही ‘भरली’ मानायची सवय मेंदूला लागते. डायरीत ज्या नोंदींपुढे ओढ ० किंवा १ आहे, त्या सगळ्या ‘उगाच’च्या नोंदी. आठवड्याला अशी एकच वेळ सोडायची. आधी घरातली सोडा, निघतानाची सगळ्यात शेवटी. निघताना एकदा गेलात तर हरकत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीवर काट मारायची.

पाण्याचंही तसंच. पाणी कमी प्यायलं की लघवी गडद होते आणि हळव्या अस्तराला जास्त झोंबते, शिवाय बद्धकोष्ठ होऊन ओटीपोटात दाब वाढतो. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर दिवसभरात दीड ते दोन लिटर, अर्धा-अर्धा पेला करून. विदर्भातल्या मे महिन्यात यापेक्षा जास्तच लागेल. अख्खी बाटली एका दमात रिकामी केली तर अर्ध्या-पाऊण तासात कळ येणारच, आणि मग पाण्याचीच भीती बसते.

कळ आली की

धावत सुटू नका. धावल्याने पोटातला दाब वाढतो, आणि खरंच संकट आलं आहे अशी मेंदूची खात्री पटते. जिथे असाल तिथे थांबा आणि जमलं तर बसा. लघवी मध्येच तोडताना जे स्नायू आवळतो तेच स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळा आणि सोडा, प्रत्येक वेळी एक सेकंद. सोडणं पुरतं व्हायला हवं. मग डोक्याला थोडं अवघड काम द्या. पाठ असलेलं स्तोत्र इथे पुरत नाही, कारण ते तोंडाने चालू राहतं आणि मन पिशवीपाशीच राहतं. सतराचा पाढा उलटा म्हणा, १७० पासून खाली. कळ लाटेसारखी असते, ती साधारण मिनिट-दीड मिनिटात ओसरते. ओसरल्यावर पहिल्या आठवड्यात एकच मिनिट थांबा आणि मग सावकाश चालत जा. लाटेच्या शिखरावर असताना जायचं नाही. कळ आली म्हणजे पळायचंच, हा मेंदूचा पाठ इथे मोडतो.

ज्यांना दुखणं मुख्य आहे त्यांनी आवळण्याची पायरी गाळावी. त्यांचे स्नायू आधीच आवळलेले असतात. त्याऐवजी टाचा वर-खाली करा किंवा पायाची बोटं मुडपून सोडा, आणि श्वास लांब सोडा. दुखणं ५ च्या वर असेल तर सराव त्या वेळेपुरता सोडा आणि जाऊन या. दुखणं दातओठ खाऊन सोसल्याने पिशवीला शिस्त लागत नाही.

लाट सांभाळता यायला लागली की अंतर वाढवायचं. डायरीतलं सहज जमणारं अंतर धरा, समजा एक तास. त्यात पंधरा मिनिटं मिळवा आणि आठवडाभर तेवढंच ठेवा. दुखणं असणाऱ्यांनी पाच-दहा मिनिटंच वाढवावीत. तीन तासांपर्यंत पोहोचलात तर खूप झालं.

हा सराव फसण्याची कारणं बहुतेक ठरलेली आहेत. पहिला प्रयोग घरी न करता थेट बसमध्ये केला जातो. चार तास झालेले असतात आणि पिशवी खरोखरच भरलेली असते, तरी अडवून धरलं जातं. एक दिवस चांगला गेला म्हणून दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस मिनिटं वाढवली जातात. या चुका टाळल्या तर सहा ते बारा आठवड्यांत फरक दिसायला लागतो. पहिले दोन आठवडे काहीच झालं नाही असं वाटेल, ते धरूनच चाला.

खालचे स्नायू सैल करणं

भीती वाटली की कुणी खांदे आवळतं, कुणी जबडा. या दुखण्यात लोक नकळत ओटीपोटाचा तळ आवळतात. तासन्‌तास आवळलेले ते स्नायू स्वतःच दुखायला लागतात, आणि ते दुखणं लघवीच्या कळीसारखं वाटतं. म्हणून या त्रासावर ‘केगल करा’, म्हणजे तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम करा, हा सरसकट सल्ला घातक ठरू शकतो. डॉ. अरनॉल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो व्यायाम मांडला तो बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी. योगवर्गात शिकवतात ते मूलबंध आणि अश्विनी मुद्रा हेही आवळण्याचेच प्रकार आहेत. आपले स्नायू सैल आहेत की ताठर, हे पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचं काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घेईपर्यंत ते बंद ठेवलेले बरे.

सैल करण्याची रीत अशी. पाठीवर निजा, गुडघे वाकवून त्यांच्याखाली दोन उशा घ्या. एक हात छातीवर, एक बेंबीखाली. नाकाने चार आकडे मोजत श्वास आत घ्या. खालचा हात वर यायला हवा, वरचा शक्यतो हलू नये. श्वास आत जाताना ओटीपोटाचा तळ किंचित खाली उतरतो. वारा सुटताना किंवा लघवी सुरू होताना जसं सैल पडतं तशी ती जाणीव असते, पण जोर लावायचा नाही. मग सहा आकडे मोजत श्वास सोडा, आणि सोडताना पोट आत खेचू नका. सकाळी आणि रात्री प्रत्येकी दहा मिनिटं. चक्कर आली तर आकडे कमी करा, बहुधा श्वास ओढून घेतला जात असतो. बालासन आणि सुप्त बद्धकोणासन यांना हेच श्वास जोडता येतात, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं.

फोनमध्ये दर दोन तासांनी एक घंटी लावा. ती वाजली की एवढंच तपासायचं: जबडा, खांदे, पोट, तळ. आवळलेलं सापडलं तर एक श्वास सोडून सैल करा. आणि संडासात अर्धवट उभं राहून लघवी करू नका. सार्वजनिक ठिकाणी किळस येते हे खरं, पण तसं तरंगत बसलं की मांड्यांबरोबर तळही ताठ राहतो आणि पिशवी पुरती रिकामी होत नाही. भारतीय पद्धतीचं असेल तर नीट उकिडवं बसा. कमोडवर कागद टाकून टेका.

बाहेर पडण्याची शिडी

महाराष्ट्रात रस्त्यावर, विशेषतः बायकांसाठी, स्वच्छतागृहं पुरेशी नाहीत, ही गोष्ट कुणाच्या मनाची नाही. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ ही चळवळ त्यासाठीच उभी राहिली, आणि २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहं बांधण्याविषयी आदेश दिले. लोकलच्या डब्यात आजही सोय नाही. तेव्हा निघण्याआधी वाटेतल्या सोयी एकदा पाहून ठेवणं शहाणपणाचं आहे. त्याच नकाशाकडे दहा वेळा पाहणं ही धास्ती. या दोन्हींतला फरक ओळखायला सोपा आहे: पहिल्याने माणूस घराबाहेर पडतो, दुसऱ्याने घरात बसतो.

शिडी कशी बांधायची ते एका उदाहरणाने पाहू. नाशिकमध्ये राहणाऱ्या बाईंना एसटीने पुण्याला लेकीकडे जायचं आहे, आणि दोन वर्षं त्यांचा पाय निघालेला नाही. पुणं ही शेवटची पायरी, भीती १० पैकी १०. खालून वर पायऱ्या अशा: जवळच्या भाजीबाजारात अर्धा तास, भीती ३. सिटी बसने नाशिकरोडपर्यंत जाऊन येणं, भीती ४. सिन्नरपर्यंत एसटी आणि परत, ६. संगमनेरपर्यंत, सोबत घरातलं कुणी, ७. संगमनेर एकट्याने, ८. नारायणगाव, ९. मग पुणं.

प्रत्येक पायरी आठवड्यातून तीन-चार वेळा करायची. भीतीचा आकडा निम्म्यावर आला की पुढची. प्रवास लांबत जातील तसे वारही कमी पडतील, चालेल. प्रत्येक पायरी खबरदारीच्या वस्तूंसह सुरू करायची आणि मग त्या एकेक काढायच्या. सिन्नरच्या पहिल्या फेरीला पॅड, गडद रंगाची सलवार, दाराजवळची सीट, पाणी बंद, हे सगळं असू द्या. दुसऱ्या फेरीला दोन घोट पाणी घ्या. तिसऱ्या फेरीला मधली सीट. पॅड सगळ्यात शेवटी काढा. ज्यांना खरंच गळती होते त्यांनी काढूच नये, त्यांच्यासाठी ते चष्म्यासारखं आहे.

निघण्याआधी कागदावर मनातलं भाकीत लिहा, नेमक्या शब्दांत: ‘सिन्नरच्या आधी कंडक्टरला गाडी थांबवायला सांगावी लागेल, सगळे बघतील.’ परत आल्यावर त्याखाली घडलेलं लिहा: ‘दोनदा कळ आली, दुखणं ४, गाडी थांबवली नाही.’ अशी वीस भाकितं जमली की मोजा किती खरी ठरली. नुसतं ‘घाबरू नकोस’ म्हणण्याने जे होत नाही ते या मोजणीने होतं, कारण आकडा तुमचाच असतो. एखादं भाकीत खरंही ठरेल, गाडी थांबवावी लागेल. तेही लिहा, आणि पुढे काय झालं तेही. बहुतेक वेळा पुढची ओळ ‘पाच मिनिटांत गाडी निघाली’ अशीच असते.

भीती शिखरावर असताना अर्ध्या वाटेतून परतू नका. जागेवर थांबा, लाट ओसरू द्या, मग हवं तर परता. त्रास उठलेल्या दिवशी शिडी बंद करू नका, दोन पायऱ्या खाली उतरा.

त्रास उठला तर: आधी लिहिलेली चिठ्ठी

बऱ्या दिवशी एका चिठ्ठीवर लिहून औषधांच्या डब्यात ठेवा, कारण त्रास उठलेल्या माणसाला नीट विचार करता येत नाही. पहिली ओळ: ‘हे आधीही झालंय, आणि गेलंय.’ मागच्या खेपेची तारीख आणि किती दिवसांत ओसरलं ते खाली लिहा. मग कृती. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून ओटीपोटावर पंधरा-वीस मिनिटं, कुणाला थंड शेक बरा वाटतो. श्वासाचा व्यायाम. डॉक्टरांनी अशा वेळेसाठी दिलेली गोळी, तिच्या मात्रेसह. त्या दिवसाची रद्द करायची कामं आणि रद्द न करायचं निदान एक काम. दोन दिवस साधं जेवण. ठेचा, चिंच, टोमॅटो, कडक चहा यांनी त्रास वाढतो असं पुष्कळ जण सांगतात, पण ते सगळ्यांना लागू नाही. ज्याने तुमचं बिघडतं तेवढंच कायमचं वगळा. तपासायचं असेल तर दोन आठवडे बंद करून एका वेळी एकच पदार्थ तीन-तीन दिवसांच्या अंतराने परत घेऊन पाहा. सगळंच सोडून दहीभातावर आलेली माणसं आहेत. त्यांचं ताट आणि चार माणसांतलं बसणं-उठणं दोन्ही आक्रसतं.

चिठ्ठीवर एक ओळ अँटिबायोटिकची असू द्या: ‘आधी कल्चर, मग गोळी.’ उठलेला त्रास अनेकदा तीन-चार दिवसांत आपला आपण ओसरतो. त्याच दिवसांत गोळ्या चालू असतील तर श्रेय गोळ्यांना जातं, पुढच्या वेळी धीर निघत नाही, आणि दुकानातून परस्पर पट्टी आणली जाते. कल्चरचा नमुना गोळी सुरू करण्याआधी, मधल्या धारेचा द्यावा. ताप असेल तर मात्र वाट पाहायची नाही. मोबाइलवर आजार शोधायला आठवड्यातला एक दिवस आणि पंधरा मिनिटं ठरवून घ्या. रात्री अंथरुणात अजिबात नको.

रात्री जाग आली की घड्याळ पाहू नका. किती वाजले हे कळलं की ‘तीन तासांत ही तिसरी वेळ’ असा हिशेब सुरू होतो आणि झोप तिथेच संपते. मंद दिव्यात जाऊन या, परत आडवे व्हा, श्वास मोजा.

घरात आणि बाहेर कसं सांगायचं

लपवण्यात फार शक्ती जाते. सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. तीन वाक्यं तयार ठेवा. घरात: ‘आई, मला लघवीच्या पिशवीचा जुना त्रास आहे. तो संसर्ग नाही, कुणाला लागत नाही. मी मध्येच उठून गेले तर “परत चाललीस?” असं विचारू नका, त्याने मला जास्त घाई होते.’ ऑफिसात: ‘सर, एक वैद्यकीय त्रास आहे, मीटिंगमध्ये कधी दोन मिनिटं उठावं लागेल. दाराजवळ बसले तर चालेल ना?’ सत्यनारायणाला जोडीने बसायचं असेल आणि मध्ये उठता येणार नाही ही भीती असेल, तर आधी गुरुजींच्या कानावर घाला. कथेच्या दोन अध्यायांमध्ये उठायला बहुतेक गुरुजी हरकत घेत नाहीत.

नवरा-बायकोत हे अधिक नाजूक असतं. दुखेल या भीतीने बाई जवळ येणं टाळते, आणि नवरा त्याचा अर्थ नकोसेपणा असा लावतो. दोघांचं बोलणं अंथरुणात न होता दिवसा, चहाच्या वेळी झालेलं बरं. ठरवायच्या गोष्टी थोड्या आहेत. थांबायचा एक शब्द, जो उच्चारताच कारण न विचारता थांबायचं. काही आठवडे संभोगाविना जवळीक, म्हणजे स्पर्शाबरोबर पुढच्या दुखण्याची वाट पाहणं सुटतं. नंतर, आधी लघवी करून घेणं, वंगणाची जेली, आणि पोटावर भार येणार नाही अशी स्थिती. तरी दुखत राहिलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. ‘होतं असं’ हे उत्तर स्वीकारू नका.

पुरुषांबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. जांघेत, वृषणात, शिस्नाच्या टोकाशी दुखणं आणि वीर्यपतनानंतर जळजळ हे क्रॉनिक प्रोस्टेटायटिसमध्ये होतं, आणि त्यातल्या बहुसंख्य रुग्णांत जंतू सापडत नाहीत. पण आपल्याकडे पुरुषाला लगेच ‘धात जाते’, ‘लहानपणीच्या सवयीची शिक्षा’ असं वाटतं. डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये या भीतीला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. हस्तमैथुनाने किंवा वीर्य गेल्याने शक्ती जात नाही, आणि हे दुखणं कशाची शिक्षा नाही. रेल्वेलगतच्या भिंतींवर रंगवलेल्या गुप्तरोगाच्या जाहिराती या अपराधीपणावरच चालतात. पैसे युरोलॉजिस्टच्या फीसाठी ठेवा.

मदत कधी घ्यायची

दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास राहिलं, कशात रस उरला नाही, झोप आणि भूक बिघडली, किंवा धास्तीने काम आणि नाती सुटायला लागली, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठा. शिडी, भाकितांची वही आणि विचार तपासणं ही सगळी कामं ते साधारण आठ ते बारा बैठकांत पद्धतशीर करून घेतात. याने युरोलॉजिस्टचे उपचार थांबत नाहीत, दोन्ही बरोबर चालतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे खर्च कमी येतो.

‘असं जगण्यापेक्षा नकोच’ असा विचार आला, तर तो एकट्याने रात्र काढून तपासायचा नाही. घरातल्या एकाला तेच शब्द सांगा आणि केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन लावा. ती चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. घरातल्यांनी असं बोलणं ऐकलं तर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नये. जवळ बसावं, गोळ्यांचा साठा आपल्याकडे घ्यावा, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जावं. त्या क्षणी जिवाला धोका दिसत असेल तर उद्याची वाट न पाहता थेट रुग्णालय.

पहिल्या भेटीला डायरीची तीन पानं, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि जुने कल्चर रिपोर्ट बरोबर न्या. मानसोपचारतज्ज्ञांना लघवीच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत हे आवर्जून सांगा, कारण घाई कमी करणाऱ्या काही गोळ्या आणि मनाच्या काही जुन्या गोळ्या एकत्र झाल्या की बद्धकोष्ठ वाढतं आणि लघवी अडू शकते. आत गेल्यावर कुठून सुरुवात करावी हे सुचलं नाही, तर पहिलं पान पुढे करा आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवा.